पावडर टाकण्याआधी टाकीतल्या जीवाणूंना जगू द्या

सेप्टिक टँकमध्ये टाकायची बॅक्टेरियाची पावडर हल्ली सगळीकडे मिळते, वास जाईल, टाकी लवकर भरणार नाही असं पाकिटावर लिहिलेलं असतं. पण आपल्या सांडपाण्यात जीवाणू आधीपासूनच अब्जावधींनी असतात, त्यांना जगायला काय लागतं ते आपण बघत नाही, माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

पणजीजवळ टोंकचा सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट एसबीआर पद्धतीचा आहे, म्हणजे एकाच टाकीत सांडपाणी भरायचं, खालून हवा सोडायची, मग हवा बंद करून गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. गाळ सगळा फेकत नाहीत, बराचसा ठेवतात, कारण जिवंत माल तोच. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी हेच केलं, जुना गाळ ठेवून त्यावर नवीन सांडपाणी घालत गेले आणि सांडपाणी साफ व्हायला आधी कित्येक आठवडे लागायचे ते काम काही तासांवर आलं.

हा गाळ निरोगी आहे का ते एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात कळतं. अर्धा तास ठेवायचा, तपकिरी गोळे एकमेकांना धरून खाली बसले आणि वर नितळ पाणी राहिलं तर ठीक, पण धाग्यासारखे जीवाणू जास्त झाले की गाळ कापसासारखा फुगतो, बसतच नाही आणि पाण्याबरोबर बाहेर जातो.

सगळ्यात नाजूक म्हणजे अमोनियावर जगणारे नायट्रोसोमोनास. ते सावकाश वाढतात आणि अमोनियातल्या 1 ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साधारण 4.6 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणून हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला की पहिला फटका त्यांनाच. प्लांट नवीन असेल किंवा केमिकलने गाळ मेला असेल तर बाहेरून कल्चर, म्हणजे वाढवलेले जीवाणू, आणणं बरोबर, त्यातही चालू प्लांटचा ताजा गाळ आणला तर उत्तमच. पण हवाच कमी असेल तर बाहेरचे तरी कसे टिकणार?

घरच्या टँकमध्ये हवेशिवाय जगणारे वेगळे जीवाणू असतात. रोज फिनेल आणि ॲसिड ओतत राहिलं तर ते मरतात, मग मैला नीट कुजत नाही, टाकी लवकर भरते आणि गाळ सोक पिटकडे, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याकडे, वाहायला लागतो. आपल्याकडे खाली भेगा-छिद्रांचा जांभा दगड, पाणी त्यातून पटकन झिरपतं, आणि वाड्यावर विहीर काही फार लांब नसते, म्हणून पावडर आणण्याआधी ॲसिडची बाटली बंद करा.