शाळा-व्हाउचर

शाळा-व्हाउचर : शिक्षणावरचा सरकारी पैसा शाळेला न देता मुलाच्या नावे काढायचा, पालकांनी पसंतीची शाळा निवडायची आणि मूल जाईल त्या शाळेने ती रक्कम सरकारकडून वसूल करायची, अशी पद्धत. शाळा सरकारी असो वा खासगी, पैसा मुलामागून जातो. मुंबईच्या कचेऱ्यांत व्हाउचर म्हणजे खर्च झाल्यावर सही करून फाइलला लावायचा कागद. हा मात्र खर्चाच्या आधी हाती येतो, त्यामुळे त्याचे नाते जुन्या हुंडीशी अधिक जवळचे. या नावाची योजना मुंबई महापालिकेने किंवा राज्य सरकारने कधी राबवलेली नाही. तरी दर वर्षी शहरातली हजारो घरे ज्या 'आरटीईच्या सोडती'कडे (शिक्षण हक्क कायद्यातील, खासगी शाळांतल्या राखीव जागांच्या सोडतीकडे) डोळे लावून बसतात, तिच्या पोटात हीच कल्पना आहे.

ही कल्पना आधुनिक रूपात मांडली ती अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी, १९५५ मध्ये. खर्च सरकारने उचलावा, पण म्हणून शाळाही सरकारनेच चालवाव्यात असे कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. चिलीने १९८१ मध्ये लष्करी राजवटीत ती देशभर लागू केली. अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात ती १९९० मध्ये गरीब घरांपुरती आली, तर स्वीडनने १९९२ मध्ये सरसकट स्वीकारली. चिलीत मध्यमवर्गाची मुले सरकारी शाळांतून खासगी शाळांकडे सरकली. एकूण गुणवत्ता मात्र त्यामुळे वाढल्याचे अनेक अभ्यासकांना दिसले नाही. विद्यार्थ्यांच्या मोठ्या आंदोलनांनंतर तेथे २०१५ मध्ये कायदा झाला आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांनी नफा घेणे, पालकांकडून वरची फी उकळणे व मुले पारखून घेणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले.

भारतातील सर्वांत काटेकोर प्रयोग २००८ पासून आंध्र प्रदेशातील खेड्यांत झाला. सोडतीने व्हाउचर मिळालेली मुले आणि न मिळालेली मुले यांची चार वर्षांनी तुलना केली, तेव्हा तेलुगू व गणितात दोघे सारखेच निघाले. हिंदीत खासगी शाळेतली मुले पुढे होती आणि तिथला दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या साधारण एक तृतीयांश होता. एका बाजूने म्हटले, कमी पैशांत तेवढेच शिक्षण मिळते. दुसऱ्या बाजूने म्हटले, मग मूल हलवून साधले काय? मुंबईत हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तो खर्च शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारामुळे कमी होता, आणि मुंबईच्या खासगी शाळेचा मोठा खर्च जागेचा असतो.

वादाची मुळे महाराष्ट्रात बरीच जुनी आहेत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत आणली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी रयतेच्या करातून उभा राहणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि प्राथमिक शाळा उपाशी राहतात, असे बजावले. पैसा कोणाचा आणि तो कोणत्या मुलापर्यंत पोचतो, हा आजचाही प्रश्न आहे.

अनुदानाच्या त्याच परंपरेमुळे मुंबईत सरकारी विरुद्ध खासगी ही मांडणी नीट बसत नाही. गिरगाव, दादर, पार्ले येथील जुन्या मराठी शाळा शिक्षणसंस्थांच्या मालकीच्या, पण शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून. पटावर किती मुले आहेत यावर संचमान्यता, म्हणजे शाळेच्या शिक्षकसंख्येला सरकारी मंजुरी, ठरते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदे ठरतात, आणि पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' होऊन दुसऱ्या शाळेत जातो. म्हणजे पैसा मुलामागून जाण्याचे तत्त्व येथे अर्धेमुर्धे आधीपासूनच आहे, फक्त व्हाउचर हा शब्द कोणी वापरत नाही. पटावर पैसा बांधला की काय होते, तेही राज्याने पाहिले आहे : २०११ च्या पटपडताळणीत, म्हणजे शाळांच्या पटाच्या सरकारी तपासणीत, फक्त कागदावरची मुले ढिगाने सापडली. पुढे जुन्या मराठी शाळा चालवणाऱ्या कित्येक संस्थांनी त्याच आवारात इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळा काढल्या. एकाच फाटकातून फी भरणारे आणि न भरणारे मूल आत शिरते, हे मुंबईत नवलाचे नाही.

व्हाउचरच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आणि सरकारने शाळेची फी किंवा सरकारी शाळेतील दर मुलामागचा खर्च, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती शाळेला परत करायची. याला प्रतिपूर्ती म्हणतात. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा वर्षाला १७,६७० रुपये राहिली आहे. ती वेळेवर मिळत नाही, ही शाळाचालकांची कायमची तक्रार, आणि ती खोटी नाही. सवलतीच्या सरकारी जमिनीमुळे काही मुलांना मोफत शिकवण्यास आधीच बांधील असलेल्या शाळांना त्या मुलांपुरती प्रतिपूर्ती मागता येत नाही.

खऱ्या व्हाउचरशी याचा फरक अर्ज भरताना कळतो. पालकांच्या हाती पैसा किंवा कागद काहीच येत नाही. हाती येतो तो ऑनलाइन अर्जाचा क्रमांक. अर्जात घराची जागा गुगल नकाशावर 'बलून' सरकवून दाखवायची असते. चाळीच्या दाटीत तो नेमका आपल्या दारावर आणणे हे सायबर कॅफेवाल्याचे कसब. त्या बलूनपासून एक किलोमीटरच्या आत कोण आणि तीन किलोमीटरपर्यंत कोण, यावर प्राधान्य ठरते. मुंबईत रुळांच्या या बाजूचे घर आणि त्या बाजूची शाळा नकाशावर हाकेच्या अंतरावर असतात. सहा वर्षांच्या पोराला घेऊन पूल चढून जायला अर्धा तास लागतो. दहापर्यंत शाळा निवडता येतात. दुर्बल घटकासाठी एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार. घरमालक करार नोंदवायला तयार नसेल, तर सोडतीत नंबर लागूनही पडताळणी समितीसमोर प्रवेश अडतो. चांगल्या मानल्या जाणाऱ्या शाळांसाठी झुंबड आणि इतर शाळांत रिकाम्या जागा, असे दर वर्षी दिसते.

पालकांचा कल कुठे आहे हे २०२४ मध्ये अनपेक्षितपणे मोजले गेले. राज्य सरकारने ९ फेब्रुवारीला नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांची सक्ती नाही. मुंबईत अशी शाळा एक किलोमीटरमध्ये नसणे विरळाच, म्हणजे योजना शहरापुरती जवळजवळ गुंडाळलीच. शेजारी आपली शाळा रिकामी असताना बाहेर पैसे का मोजायचे, हा सरकारचा हिशेब वरवर बिनतोड होता. अर्ज सुरू झाले तेव्हा पालिकेच्या व अनुदानित शाळा धरून राज्यभर लाखो जागा दिसत होत्या, पण पालक फारसे फिरकले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी बदलाला स्थगिती दिली, खासगी शाळा यादीत परत आल्या, आणि सुमारे १ लाख ५ हजार जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले. १९ जुलै रोजी न्यायालयाने तो नियम रद्दच केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

मुंबईतील योजनेचा सर्वांत मोठा संकोच मात्र अल्पसंख्याक शाळांमुळे होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये २५ टक्क्यांची तरतूद वैध ठरवताना विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना वगळले, आणि २०१४ मध्ये सर्वच अल्पसंख्याक शाळांना कायद्याबाहेर ठेवले. कॉन्व्हेंट शाळा, गुजराती आणि सिंधी संस्थांच्या शाळा यांचे शहरातील स्थान पाहता ही सूट लहान नाही. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ च्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न फेरविचारासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.

व्हाउचरच्या विरोधकांचा मुख्य मुद्दा असा की, धडपडे पालक बाहेर पडले की पालिका शाळेसाठी भांडणारे कोणी उरत नाही. पालिकेच्या मराठी शाळांची पटसंख्या पाहिली तर तो खोडून काढणे कठीण, पण ती गळती आरटीईच्या आधीपासूनची आहे आणि तिचे कारण पैशापेक्षा माध्यम हे आहे. पालिका आठ भाषांतून शाळा चालवते, २७ शालोपयोगी वस्तू फुकट देते, तरी पालक महिन्याला हजार-बाराशे रुपये भरून वस्तीतल्या दोन खोल्यांच्या इंग्रजी शाळेत मूल घालतात. पालिकेने यावर 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने उत्तर शोधले आणि २०२०-२१ पासून केंद्रीय मंडळाचा (सीबीएसई) व आयसीएसईचा अभ्यासक्रम सुरू केला. त्या शाळांना इतकी मागणी आली की प्रवेशासाठी पालिकेलाही सोडत काढावी लागली. इमारत पालिकेचीच, पाटी आणि अभ्यासक्रम तेवढा बदललेला.

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणून प्रतिपूर्ती आठवीअखेर थांबते. पहिलीत सोडतीने आलेल्या मुलाला नववीच्या जूनमध्ये इतरांइतकीच पूर्ण फी भरावी लागते. ज्यांना ते झेपत नाही ते दाखला काढून जवळच्या अनुदानित माध्यमिक शाळेत जातात, आणि इंग्रजी माध्यमाची अनुदानित तुकडी कुठे आहे याचा शोध आठवीच्या दिवाळीपासूनच सुरू होतो.