तार आत, हवा बाहेर: फीडथ्रूची पार्श्वभूमी

व्हॅक्यूम चेंबरच्या, म्हणजे आतली हवा उपसून काढलेल्या बंद भांड्याच्या, भिंतीतून तार आत न्यायची, पण तिच्या कडेने हवा शिरू द्यायची नाही. फीडथ्रूचं काम एवढंच. अडचण अशी की तार धातूची आणि तिच्याभोवतीचा इन्सुलेटर काचेचा. दोन्ही तापल्यावर सारखे फुगत नाहीत. भट्टीतून काढलेला जोड निवताना तडकतो. फीडथ्रूचा बराचसा इतिहास या तडकण्याशी झगडण्याचा आहे.

१८५७ च्या सुमारास बॉनमध्ये हाइनरिश गाइसलर यांनी काचेच्या नळ्यांत प्लॅटिनमच्या तारा वितळवून बसवल्या. प्लॅटिनम आणि साधी काच जवळपास सारख्याच फुगतात, दर अंशाला दशलक्षात सुमारे ९ भाग. म्हणून जोड टिकला. विजेचे पहिले दिवेही याच धातूवर चालले, पण तो फार महाग होता.

पर्याय विसाव्या शतकात आला: निकेल-लोखंडाच्या तारेवर तांब्याचं वेष्टण, म्हणजे ड्यूमेट. जुना बल्ब उजेडात धरून पाहा, काचेच्या देठात तारेचा छोटा तुकडा लालसर दिसेल. तो रंग तांब्याच्या ऑक्साइडचा, आणि काच त्या ऑक्साइडलाच धरून असते.

मला सर्वांत भावते ती विल्यम हाउसकीपर या अभियंत्याची युक्ती. तांबं काचेच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे दोघांचं जमू नये. हाउसकीपर यांनी तांब्याची कड सुरीच्या धारेसारखी पातळ केली. इतकं पातळ तांबं काचेला न तोडता स्वतःच वाकतं. १९२३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि पाण्याने थंड होणाऱ्या मोठ्या ट्रान्समीटर नळ्यांना तिचा फार उपयोग झाला. पुढे १९३० च्या दशकात वेस्टिंगहाउसच्या हॉवर्ड स्कॉट यांनी कोव्हार नावाचं मिश्रधातू घडवलं: लोखंड, २९ टक्के निकेल, १७ टक्के कोबाल्ट. ते कठीण बोरोसिलिकेट काचेशी जुळतं. चांगला जोड राखाडी दिसतो. काळा पडला तर ऑक्साइड जास्त झालं समजावं.

नंतर काचेची जागा ॲल्युमिनाने, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकने घेतली. त्यावर मॉलिब्डेनम-मँगनीजच्या पुडीचा थर ओल्या हायड्रोजनमध्ये भाजायचा, वर निकेल चढवायचं आणि मग चांदी-तांब्याने ब्रेझिंग करायचं, म्हणजे ते मिश्रण वितळवून धातू जोडायचा. असा जोड ४५० अंश सेल्सियसपर्यंतचं बेकआउट, म्हणजे भिंतींना चिकटलेले वायू घालवण्यासाठी चेंबर तापवणं, सहन करतो.

व्होल्टेज वाढलं की दुखणं वेगळं. व्हॅक्यूम स्वतः उत्तम इन्सुलेटर आहे, पण ठिणगी सिरॅमिकच्या पृष्ठभागावरून सरकते. धातू, सिरॅमिक आणि व्हॅक्यूम जिथे एकत्र भेटतात त्या तिहेरी सांध्यावर विद्युत क्षेत्र एकवटतं, इलेक्ट्रॉन सुटतात, पृष्ठभागावर आपटून आणखी इलेक्ट्रॉन उडवतात आणि क्षणात सगळा मार्ग पेटतो. म्हणून तो सांधा गोलसर धातूच्या कड्याआड लपवतात.

शिवाय फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलं होतं की वायूत ठिणगी पडणं हे दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. पंप चालू असताना दाब उतरता उतरता अशा पट्ट्यातून जातो, जिथे हवेत साडेतीनशे व्होल्टही पुरतात. त्यामुळे पुरेसा व्हॅक्यूम झाल्याशिवाय हाय व्होल्टेजचं बटण दाबू नये.