पुरानंतरची डासवाढ (सोलापूर जिल्हा)

पूर ओसरल्यावर साचलेल्या आणि साठवलेल्या पाण्यात डासांची झपाट्याने होणारी पैदास व त्यातून पसरणारे ताप. सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. पूर येतो तो बहुतेकदा वरच्या पाण्याने. उजनी आणि वीर धरणांच्या विसर्गाने भीमा फुगते, अहिल्यानगर-धाराशिवकडच्या पावसाने सीना. ऑगस्ट २०१९ आणि ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपुरात नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले, तर सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने माढा, मोहोळसह अनेक तालुक्यांतील गावे वेढली.

वाहत्या पुरात डास वाढत नाहीत, उलट लोंढ्याबरोबर अळ्या वाहून जातात. त्यामुळे सुरुवातीचे दिवस शांत जातात आणि सगळेच गाफील राहतात. अंड्याचा डास व्हायला ८ ते १० दिवस, डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात मुरायला जवळपास तेवढेच, आणि डास चावल्यापासून ताप चढायला ४ ते १० दिवस लागतात. म्हणजे डेंग्यूचा खरा धोका पुरानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोवर गाळ उपसून झालेला असतो आणि लोकांचे लक्ष पंचनामे, नुकसानभरपाईकडे वळलेले असते.

शेतातल्या डबक्यांत आणि नदीपात्रातल्या खड्ड्यांत हिवतापाचा अ‍ॅनॉफिलिस वाढतो. तुंबलेली गटारे आणि शौचालयाच्या टाक्यांत क्युलेक्स. सोलापूर हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी असल्याने क्युलेक्सला नुसता त्रासदायक डास समजणे चूक. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा, दिवसा चावणारा एडिस मात्र घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. सोलापूर शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे बॅरल, हौद, रांजण भरून ठेवल्याशिवाय भागत नाही. पुरात पाणीयोजनेचे पंप बुडाले, वीज गेली, की गावांतही तेच: टँकर येईल तेव्हा मिळेल त्या भांड्यात पाणी. पुराचे डबके सर्वांना दिसते. मोरीतल्या बॅरलकडे कोणी पाहत नाही.

बॅरलच्या तोंडाशी बॅटरी धरली तर एडिसच्या अळ्या डोके खाली, शेपटी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून लटकलेल्या दिसतात. बॅरलला जरा धक्का लागला की वळवळत तळाला जातात. अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, काजळीच्या ठिपक्यांसारखी भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. म्हणून भांडे नुसते उपडे करून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतून घासावे लागते. 'कोरडा दिवस' पाळायचा तो यासाठी. रिकामा करता न येणारा हौद कापडाने घट्ट झाकावा, आरोग्य कर्मचाऱ्याकडून त्यात अळ्या मारणारे अ‍ॅबेट टाकून घ्यावे. जनावरांच्या हाळात गप्पी मासे सोडावेत. शौचालयाच्या व्हेंट पाईपला जाळी बांधावी. धूरफवारणीने फक्त उडते डास मरतात, अळ्या नाही. साथ पेटली असताना तिचा उपयोग आहे, पण तिच्यावर विसंबणे घातक ठरते.

पुरानंतरच्या कोणत्याही तापात रक्त तपासून घ्यावे. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्यावी. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त ही धोक्याची लक्षणे असून ती पुष्कळदा ताप उतरताना दिसतात. अशा वेळी ताप उतरला म्हणून घरी थांबू नये, रुग्णालय गाठावे. चिखलपाण्यात वावरलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना असतील तर उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या आजाराचीही शक्यता असते. पुराच्या पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.