मंत्रातला ळ आणि नामातला ळ

पालखी निघायच्या दिवसांत आमच्याकडे एक संदेश मोबाइलवर हमखास फिरतो. चुकीचा उच्चारलेला मंत्र उलटतो, म्हणून 'राम कृष्ण हरी' शुद्धच म्हणा. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. दोनेक वर्षांपूर्वी गावात आलेल्या एका शिबिरवाल्यांनी हेच माइकवरून सांगितलं आणि भजनी मंडळातल्या तीन म्हाताऱ्या त्या दिवसापासून टाळ घेऊन मागे बसू लागल्या. ओठ हलायचे, आवाज नाही. त्यातली एक माझी मोठी माय, म्हणजे वडिलांची आई. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय.

उलट टोकाचा घोळही रोजचाच. कापडाच्या दुकानात सकाळी शटर वर गेलं की सिनेमाच्या चालीवरचा गायत्री मंत्र सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत चालू राहतो. 'देवाचंच तर नाव आहे, कसंही म्हणा,' असं दुकानदार म्हणतो. एक नामाला मंत्राचे नियम लावतो, दुसरा मंत्राला नामाची सूट देतो. गोंधळ एकच.

नाम काय असतं हे वारीच्या मुलखात कुणाला सांगायची गरज नाही. ज्ञानदेव-नामदेवांपासून चालत आलेलं, स्नान-सोवळं न विचारणारं, शेतात निंदताना म्हणता येणारं. पुढे जाऊ.

माळ कोणती, संख्या किती, आसन लोकरीचं की दर्भाचं, हे फरक वरवरचे आहेत. नाम घेणारेही माळ ओढतात आणि मंत्रवालेही. दीक्षेचा फरक जरा मोठा, पण तोही खात्रीचा नाही. खात्रीची कसोटी एकच: शब्द बदलला तर चालतं का?

मीमांसकांनी, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, हा प्रश्न फार कठोरपणे सोडवला. यज्ञाच्या विधीत 'अग्नी' म्हटलं असेल तर आहुती देताना 'अग्नये' असंच म्हणायचं. 'अनलाय' किंवा 'वह्नये' म्हटलं तर चालणार नाही, अर्थ तोच असला तरी. का? तर त्यांच्या मते यज्ञात देवता म्हणजे कुणी वर बसलेली व्यक्ती नव्हेच. चतुर्थी विभक्तीतला तो शब्द हीच देवता. शब्द बदलला की देवता बदलली. कुणी ऐकणारा आहे आणि तो समजून घेईल, अशी सोय या रचनेत ठेवलेलीच नाही. कौत्स नावाच्या जुन्या आचार्याने तर मंत्रांना अर्थच नसतो असं म्हटलं होतं. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात, त्याला उत्तर दिलं, की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. वाद तेव्हाही चांगलाच तापलेला दिसतो. पण ध्वनी जसाच्या तसा हवा, यावर दोघांचंही एकमत.

आता नामाला तीच कसोटी लावा. विठ्ठल, विठोबा, विठू, विठाई, पांडुरंग, पंढरीराव, नुसतं 'बाप्पा'. पर्यायी शब्द चालतो एवढंच नाही, पर्यायांची इथे चैन आहे. विष्णूची तर हजार नावं मोजून ठेवली आहेत. कारण इथे काम शब्द करत नाही, ज्याला हाक मारली तो करतो. घरातल्या लेकराला आपण बाळ्या, सोन्या, गुंड्या काहीही म्हणतो, ते धावत येतंच.

हे पक्कं बसावं म्हणून दोन कथा शेजारी ठेवतो. त्वष्टा हा देवांचा कारागीर, त्याच्या मुलाला इंद्राने मारलं. सूड म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला आणि 'इन्द्रशत्रुर्वर्धस्व' म्हणत आहुती दिली. त्याला म्हणायचं होतं, इंद्राला मारणारा वाढो. त्यासाठी 'इन्द्रशत्रु' या शब्दात उदात्त, म्हणजे चढा स्वर शेवटच्या अक्षरावर हवा होता. तो पडला पहिल्या अक्षरावर. समास बदलला, अर्थ झाला 'इंद्र ज्याला मारणार तो'. वृत्र जन्मला, वाढला आणि इंद्राच्या हातून मेला. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं, फक्त आवाजाचा चढ-उतार चुकला. पतंजलीने महाभाष्याच्या, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या आपल्या ग्रंथाच्या, आरंभीच व्याकरण का शिकावं हे सांगताना, हा दाखला दिला आहे.

दुसरी कथा वाल्या कोळ्याची. त्याला 'राम' म्हणता येईना, म्हणून 'मरा मरा' म्हणायला लावलं. शब्द सरळसरळ उलटा, अर्थ तर अभद्र. आणि त्याचा वाल्मीकी झाला.

या दोन्ही कथा एकाच नियमाने खऱ्या ठरू शकत नाहीत. पहिलीचा नियम दुसरीला लावला तर वाल्या मेला असता. शिबिरवाले नेमकं हेच करतात: त्वष्ट्याची भीती वाल्याच्या अंगावर सोडतात.

आमच्या भागात हे प्रकरण एका अक्षरात दिसतं. अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ' टिकत नाही. डोळा म्हणजे 'डोया', काळा म्हणजे 'काया', केळी म्हणजे 'केयी', आणि गोपाळ अर्थातच 'गोपाय'. आता ऋग्वेदाचं पहिलं वाक्य पाहा: 'अग्निमीळे पुरोहितम्'. दुसऱ्याच शब्दात ळ! खानदेशी जिभेने तो 'अग्निमीये' म्हटला तर मंत्र मोडला, यात शंका नाही. शिकणाऱ्याने तो ळ कमवायलाच हवा. वैदिकांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले, शब्द सुलटे-उलटे गुंफून पाठ केले, ते एक अक्षर हलू नये म्हणून. युनेस्कोने 2003 साली वेदपठणाची परंपरा मानवतेचा वारसा म्हणून जाहीर केली, ती या चिकाटीसाठी. म्हणूनच दुकानातला गायत्री मंत्र मला खुपतो. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली ती ऋचा आठ-आठ अक्षरांच्या तीन चरणांची, एकूण चोवीस. पहिल्या चरणात मोजायला गेलात तर सातच भरतात. 'वरेण्यम्'चं 'वरेणियम्' केलं की आठ होतात. एवढ्या बारकाईने जपलेली वस्तू ढोलकीच्या ठेक्यात बसवायला ताणायची, ही भक्ती नव्हे, आळस आहे. (मंत्रांची कंपनं अमुक इतकी असतात असं सांगणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांना ना भौतिकशास्त्र येतं ना स्वर.)

पण 'गोपाय'? गोपाय चालतो. पूर्ण चालतो. मोठ्या मायला मी हे सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मना इठ्ठल माले वयखस." माझा विठ्ठल मला ओळखतो. त्या एका वाक्यात विठ्ठलाचा व गळालाय, ओळखण्यातल्या ळचा य झालाय आणि सिद्धांत मात्र बिनचूक आहे.

घोळाचं मूळ कुठे आहे तेही सांगायला हवं, दोष सगळा शिबिरवाल्यांचा नाही. संत स्वतःच नामाला 'मंत्र' म्हणतात. 'मंत्र दिला राम कृष्ण हरी', हे तुकोबांचंच. पण तो मंत्र मिळाला स्वप्नात, आणि मिळाल्यावर त्यांनी तो चव्हाट्यावर सांगितला. गुप्त ठेवायचा मंत्र असा कुणी वाटत सुटत नाही. समर्थांची त्रयोदशाक्षरी, 'श्रीराम जय राम जय जय राम', तर तेरा अक्षरं मोजून घेतलेलं नाम, मंत्राचा अंगरखा घातलेलं. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडं जपून ठेवलेली आहेत, आणि त्या वास्तूच्या नावातच वाणीला देवता केलेलं आहे. शब्द उसने घेतले म्हणून वस्तू एक होत नाही.

आणि यातूनच पुढचा फरक निघतो, ज्याकडे कुणी बघत नाही: या सृष्टीत माणसाचं काम काय? मंत्राच्या जगात माणूस चाकाचा आरा आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ते चक्र आहे: अन्नातून जीव, पावसातून अन्न, यज्ञातून पाऊस, कर्मातून यज्ञ. देवांनी माणसाला पोसायचं, माणसाने देवांना. माणूस थांबला तर चक्र अडतं. जूनमध्ये कपाशी लावून आभाळाकडे बघणाऱ्याला हे वाचताना खांद्यावर ओझं जाणवतं. मला ही कल्पना भव्य वाटते आणि थोडी भयंकरही.

नामाच्या जगात चक्र माणसावाचून अडत नाही. ज्ञानदेवांच्या दृष्टीने विश्व हाच चैतन्याचा विलास. त्यात आपण भर ती काय घालणार? मग माणूस कशाला? पुंडलिक पाहा. देव दारात आला, तो आईबापांच्या सेवेत होता, त्याने वीट फेकली आणि देव तिच्यावर उभा राहिला. माणसाने सृष्टी चालवली नाही, देवाला थांबायला जागा दिली. मला विचाराल तर मला हे दुसरं काम जास्त पटतं. पण ते काम सोपं आहे असं समजून मंत्रवाल्यांना हसणाऱ्यांशी माझं जमत नाही.

कसोटीवर अडखळणारी वस्तू एकच सापडते, पसायदान. 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानदेव आपल्या साऱ्या बोलण्याला 'वाग्यज्ञ' म्हणतात. यज्ञ हा शब्द मंत्रवाल्यांचा, मागणं विश्वात्मक देवाकडे, भाषा मराठी, स्वराचं बंधन नाही. तिसऱ्या अध्यायातही स्वधर्म हाच नित्ययज्ञ असं सांगून त्यांनी समिधा आणि तूप बाजूला ठेवलेलंच असतं. दोन्ही घरांची किल्ली एकाच्या कमरेला.

भजन संपल्यावर आमच्याकडे पसायदान होतं. मोठी माय आता पुन्हा पुढे बसते आणि 'जे खयांची व्यंकटी सांडो' असं मोकळ्या गळ्याने म्हणते. मी मोजून पाहिलंय, ओवी मोडत नाही.