मोर्सची परीक्षा गेली म्हणून हॅम रेडिओ ओस पडला?

अमेरिकेतले अनेक जुने हॅम, म्हणजे हौसेखातर रेडिओ संच चालवून एकमेकांशी बोलणारे लोक, आजही छातीठोकपणे सांगतात: 2007 साली परवान्यासाठीची मोर्सची (टिंब-रेषांच्या सांकेतिक भाषेची) परीक्षा काढून टाकली आणि छंदाला उतरती कळा लागली. हे खरं नाही. त्यानंतर तिथले परवाने वाढून सात लाखांपुढे गेले. मग बँड, म्हणजे हॅमसाठी राखलेले रेडिओलहरींचे पट्टे, सुनेसुने का वाटतात? परवाना असणं वेगळं, माइक हातात घेणं वेगळं. शिवाय बरीच वर्दळ 2017 मध्ये आलेल्या एफटी8 या डिजिटल संदेशपद्धतीकडे वळली. त्यात संगणकच पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने संदेश पाठवतो. कानाला ऐकू येते ती नुसती शीळ. गप्पा आटल्या याची हळहळ मलाही आहे, पण त्याचं खापर परीक्षेवर फोडू नका. आणि मोर्स? तो 40 मीटर बँडच्या खालच्या टोकाला रोज वाजतो. सक्ती गेली, तरी लोक हौसेने शिकतात.