कानबान फलकावरील स्विमलेन

कानबान फलक म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्यासाठी एक उभा रकाना आखलेला फलक. प्रत्येक कामाचे एक कार्ड असते आणि काम पुढे सरकेल तसे ते पुढच्या रकान्यात हलवले जाते. स्विमलेन म्हणजे या फलकावरील उभ्या रकान्यांना छेद देत डावीकडून उजवीकडे आखलेला आडवा पट्टा. काम कोणत्या टप्प्यावर आहे हे रकान्यावरून कळते, तर ते कोणत्या प्रकारचे किंवा किती निकडीचे आहे हे पट्ट्यावरून.

कानबान पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांच्या पुढाकाराने आकाराला आली. पुढच्या विभागाला गरज भासेल तेव्हाच मागच्या विभागाने सुटे भाग पुरवायचे आणि ती मागणी कार्डाने कळवायची, असे तिचे मूळ रूप होते. सॉफ्टवेअर व कार्यालयीन कामासाठी तिची मांडणी डेव्हिड अँडरसन यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केली. कार्यप्रवाहाच्या आकृतीत प्रत्येक विभागाला स्वतंत्र पट्टा देण्याची रीत मात्र वेगळ्या वाटेने आली. गिअरी रमलर आणि ॲलन ब्रेच यांच्या १९९० मधील ग्रंथामुळे ती रूढ झाली.

दादरमधल्या एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयाचे उदाहरण घेता येईल. तेथील फलकावर ‘कागद यायचे’, ‘नोंदी’, ‘तपासणी’ आणि ‘भरले’ असे रकाने असतील, तर सर्वांत वरचा पट्टा कर विभागाची नोटीस आलेल्या तातडीच्या प्रकरणांचा असेल. त्याखाली मुदतीची कामे येतात : मार्च वगळता टीडीएसचा (उगमस्थानी कापलेल्या कराचा) भरणा पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, दरमहा जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) साधारणपणे ११ आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे गोषवारा विवरणपत्र) २० तारखेपर्यंत. तिसरा पट्टा नेहमीच्या कामांचा आणि तळचा जुन्या फायली स्कॅन करण्यासारख्या, कोणी विचारत नाही म्हणून वर्षानुवर्षे राहून जाणाऱ्या कामांचा. १८ तारखेला मुदतीच्या पट्ट्यात ‘तपासणी’खाली कार्डे साचलेली दिसली, की अडचण नोंदी करणाऱ्यांची नसून अखेरची तपासणी एकट्या वरिष्ठांवर येऊन पडते ही आहे, हे चटकन ध्यानात येते. अशा वेळी आर्टिकलशिप करणारी (सीए होण्यासाठी प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घेणारी) मुले नव्या नोंदी थांबवून खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी, म्हणजे खरेदीवरील कराच्या वजावटीच्या आपोआप तयार होणाऱ्या विवरणाशी, आधीच जुळवून ठेवू शकतात, म्हणजे वरिष्ठांकडे फक्त फरकाच्या रकमा पाहायच्या उरतात.

माणसागणिक पट्टे आखणे सर्वांत सोपे असते आणि बहुधा सर्वांत कमी उपयोगाचे. कोणावर किती भार आहे ते त्यातून दिसते खरे, पण काम सुरू होण्याआधीच त्याला मालक मिळतो, जो तो आपलाच पट्टा पाहतो आणि शेजारी अडकलेल्या कार्डाला कोणी हात लावत नाही. सहकाऱ्याचे नाव कार्डाच्या कोपऱ्यात लिहिले तरी पुरते.

पट्ट्याला चालू कामांची मर्यादा नसेल, तर तो निव्वळ शोभेचा राहतो. तातडीच्या पट्ट्यात एका वेळी एकच कार्ड ठेवण्याचा प्रघात आहे, कारण एरवी प्रत्येक क्लायंटचे काम ‘अर्जंट’ ठरते आणि त्या शब्दाला अर्थ उरत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार चालू कामांची सरासरी संख्या ही काम पूर्ण होण्याचा वेग आणि प्रत्येक कामाला लागणारा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. एखाद्या पट्ट्यात सरासरी १२ कार्डे असतील आणि आठवड्याला ४ निघत असतील, तर नव्या कामाला सरासरी ३ आठवडे लागतील. हा हिशेब पट्ट्यागणिक वेगळा केला, तरच क्लायंटला दिलेली तारीख भरवशाची ठरते.

जिरासारख्या, असा फलक संगणकावर मांडणाऱ्या प्रणालींत पट्टे नियम लावून आपोआप पाडता येतात. जुलैच्या पावसात लोकल बंद पडून अर्धे कर्मचारी डोंबिवली-विरारला घरूनच काम करत असतील, तर भिंतीवरच्या फलकापेक्षा त्या सोयीच्या. मात्र पडद्यावर पट्टा मिटवून ठेवता येतो आणि मिटवलेला पट्टा हमखास विसरला जातो. पट्ट्यांची संख्याही आवरावी लागते. ते पाच-सहाच्या पुढे गेले, की फलक एका नजरेत मावत नाही, वाचत बसावा लागतो. काही पट्टे मुळातच हंगामी असतात. पगारदारांच्या आयकर विवरणपत्रांसाठी जून-जुलैत आखलेला पट्टा मुदत सरल्यावर पुसला जातो आणि त्यातली राहिलेली कार्डे विलंब शुल्काची नोंद करून नेहमीच्या कामांत हलवली जातात.