कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी?

"पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट खरी, बिनधास्त पासवर्ड टाका" हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. तो अगदीच निराधार नाही, म्हणून तर टिकलाय. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा ब्राउझर आणि ती साइट यांच्यात जाणारी माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे मात्र कुलूप सांगत नाही. कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट काही मिनिटांत, फुकट मिळतं, भामट्यालाही मिळतं.

मग बघायचं काय? पत्ता. साइटच्या नावानंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेपासून उलटं, डावीकडे वाचत या. 'माझीबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट' ही साइट 'खातेतपासणी डॉट नेट'वाल्याची आहे, बँकेची नव्हे. मोबाइलवर लांब पत्ता अर्धवटच दिसतो, म्हणून त्यावर टॅप करून तो शेवटपर्यंत बघाच. पासवर्ड मॅनेजरने (पासवर्ड साठवून ठेवणारं आणि पत्ता ओळखूनच ते भरणारं ॲप) नेहमीचा पासवर्ड आपोआप भरला नाही, तर तिथेच थांबा.

आणि 'ब्राउझर जुना झालाय, इथून अपडेट करा' असं एखादं पानच सांगू लागलं, तर कुलूप असो वा नसो, ते बंद करा. अपडेट खरंच आलंय का, हे ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन कळतं.